खुर्चीची मुदत: सीमाभागातून एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

निपाणी विधानसभा मतदारसंघाने १९९९, २००४ आणि २००८ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत काँग्रेसच्या काकासाहेब पाटलांना निवडून दिले. पुढच्या तिन्ही निवडणुका, २०१३, २०१८ आणि २०२३ च्या, भाजपच्या शशिकला जोल्ले यांनी जिंकल्या. हा हिशेब इतका सारखा आहे की बाहेरगावच्या अभ्यासकाला वाटावे, इथे तीन टर्मनंतर माणूस बदलायचा असा काहीतरी कायदा असणार. तसा कायदा अर्थातच नाही. आमदाराने, मंत्र्याने किंवा मुख्यमंत्र्याने किती वेळा निवडून यावे, यावर भारतात कुठलीही मर्यादा नाही. २०२३ ला काकासाहेब पुन्हा रिंगणात होतेच. जनतेच्या मनात आले असते तर चौथ्यांदाही आमदार झाले असते.

ज्या विषयात मी तुमचे स्वागत करतो आहे त्याची सुरुवात इथून करायचे कारण आहे. एका माणसाने एक पद किती काळ सांभाळावे याला कायद्याने घातलेली मर्यादा, आणि तिच्यामुळे निवडणुकीत होणारे बदल, हा राज्यशास्त्रातला तसा लहानसा कोपरा. त्यावरचे बहुतेक लिखाण अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांबद्दल आहे. आपला विद्यार्थी ते वाचतो, आणि आपल्याकडे मुख्यमंत्र्याला मर्यादाच नाही म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. माझे म्हणणे असे की त्याने पुस्तक मिटू नये. फक्त विधानसौधाकडे लागलेली नजर जरा खाली, महापालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे वळवावी. मर्यादांचे जितके प्रकार बेळगाव आणि निपाणीच्या पट्ट्यात एकाच ठिकाणी नांदतात, तितके फार थोड्या प्रदेशांत सापडतील.

आधी अमेरिकेचे थोडक्यात. फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२ ते १९४४ या काळात चार वेळा अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याचा धसका घेऊन १९५१ मध्ये तिथे बाविसावी घटनादुरुस्ती झाली आणि दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्षपदी निवडून येणे बंद झाले. गव्हर्नरांवरच्या मर्यादा त्याहून जुन्या आहेत. पन्नासपैकी बहुतेक राज्यांत त्या कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहेत, आणि व्हर्जिनियात तर गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म मिळतच नाही. यामागचे गृहीत सोपे आहे. खुर्चीवर बसलेल्याला हरवणे कठीण असते, कारण पैसा, प्रसिद्धी आणि नोकरशाही त्याच्या हाताशी असते. मतदाराला खरी निवड करता यावी म्हणून अधूनमधून खुर्ची मोकळी झाली पाहिजे.

आपल्या घटनाकारांनी वेगळी वाट धरली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली, ती या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवी. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. सरकारचा हिशेब रोज सभागृहात प्रश्न, ठराव आणि अविश्वास यांनी व्हावा, आणि पाच वर्षांनी मतदारांकडून व्हावा. जो मुख्यमंत्री उद्या सकाळी बहुमत गमावू शकतो, त्याला वर आणखी आठ वर्षांची मर्यादा कशाला, असा तो विचार.

या विचाराची परीक्षा पुढे राज्याराज्यांत झाली. पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसू १९७७ ते २०००, सिक्कीममध्ये पवनकुमार चामलिंग १९९४ ते २०१९, ओडिशात नवीन पटनायक २००० ते २०२४ मुख्यमंत्री राहिले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ गादीवर होते. कर्नाटकात मात्र चित्र उलटे आहे. पाच वर्षांची पूर्ण मुदत भरणारे मुख्यमंत्री म्हणून निजलिंगप्पा, देवराज अर्स आणि सिद्धरामय्या अशी मोजकीच नावे घेतली जातात. १९८५ नंतर कर्नाटकच्या मतदाराने सत्तेवरच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिलेली नाही. कायद्यात मर्यादा नाही, आणि तरी माणूस टिकत नाही. हायकमांड, जातींची गणिते, पक्षांतरे आणि मतदाराचा कंटाळा, सगळे मिळून मर्यादेचे काम करतात.

योगेश उप्पल यांनी भारतातल्या विधानसभा निवडणुकांचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवले की पदावर असणे हा आपल्याकडे अनेकदा फायदा नसून तोटाच ठरतो, आणि १९९१ नंतर तो वाढलेला दिसतो. आपल्या विद्यार्थ्याने हे नीट लक्षात ठेवावे. खुर्चीवरच्याला हरवणे कठीण, या गृहीतावर अमेरिकन युक्तिवाद उभा आहे. ते गृहीतच इथे लटके पडत असेल, तर तिथले निष्कर्ष उचलून आणून उपयोग नाही. प्रश्न नव्याने मांडावे लागतील.

मुख्यमंत्रिपदावर ठरवून घातलेली मर्यादा कर्नाटकाने एकदा पाहिली आहे. ३ फेब्रुवारी २००६ रोजी एच. डी. कुमारस्वामी जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजपच्या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. वीस महिने त्यांचे आणि पुढचे वीस महिने भाजपचे, असा करार होता. बेळगावात विधिमंडळाचे पहिले अधिवेशन भरले ते याच वीस महिन्यांत, सप्टेंबर २००६ मध्ये. ऑक्टोबर २००७ ला मुदत सरली आणि खुर्ची सोडायची वेळ आली, तेव्हा करार मोडला. राष्ट्रपती राजवट आली, पुन्हा जुळवाजुळव झाली, १२ नोव्हेंबरला भाजपच्या येडियुरप्पांचा शपथविधी झाला आणि आठवडाभरात, १९ नोव्हेंबरला, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे काय झाले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. भाजपने मे २००८ ची विधानसभा निवडणूक, कुमारस्वामींनी दिलेला शब्द मोडल्याच्या मुद्द्यावर लढवली आणि २२४ पैकी ११० जागा मिळवल्या. कागदावर कुठलीही कायदेशीर किंमत नसलेली मर्यादा मोडली गेली, आणि ती मोडणे हाच निवडणुकीचा विषय झाला. म्हणजे मुदतीची मर्यादा कायद्यातूनच यावी लागते असे नाही. लोकांच्या लेखी तिला वजन असले की ती मते फिरवते. २०२३ नंतर सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार यांच्यात अडीच-अडीच वर्षांचे काही ठरले आहे की नाही, यावर बेळगावच्या हिवाळी अधिवेशनांत जो खल चालला, त्याला आधार याच लोकसमजुतीचा होता.

आता खाली येऊ.

बेळगाव महापालिकेत ५८ नगरसेवक आहेत. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याप्रमाणे ते आपल्यातून महापौर निवडतात, शहराचे आमदार-खासदारही त्या मतदानात असतात, आणि महापौराची मुदत असते एक वर्ष. शिवाय पद दरवेळी फिरत्या आरक्षणाने एखाद्या प्रवर्गाला जाते. २०२३ मध्ये शोभा सोमणाचे, २०२४ मध्ये सविता कांबळे, २०२५ मध्ये मंगेश पवार. नवीन महापौर आयुक्तांच्या फायली समजून घेईपर्यंत पावसाळा येतो, नाल्यांची ओरड संपते तोवर दसरा, आणि अर्थसंकल्पावर हात बसतो तोवर पुढच्या आरक्षणाची चर्चा सुरू झालेली असते.

या एका वर्षाच्या मर्यादेने आणि आरक्षणाच्या फेऱ्याने काय घडू शकते याचा धडा २०१८ चा आहे. त्या साली महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले. सभागृहात बहुमत मराठी गटाचे होते, पण त्या गटात या प्रवर्गातला एकही नगरसेवक नव्हता. कन्नड गटातले बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले. ज्या सभागृहातल्या निवडणुका पिढ्यान्‌पिढ्या भाषेवर लढल्या गेल्या, तिथे मुदत आणि आरक्षण यांच्या चाकाने भाषेचे बहुमत बाजूला सारले. आमच्याकडे त्यावर संताप झाला, नाही असे नाही. तरी अभ्यासक म्हणून त्या प्रसंगाकडे पाहताना मला संतापापेक्षा कुतूहल अधिक वाटते. वंचित समाजातल्या नगरसेवकाला बहुमताच्या कृपेवाचून शहराचे पहिले पद मिळणे, हेच तर त्या चाकाचे काम. आणि मराठी पक्षाच्या यादीत त्या समाजाला जागा का नव्हती, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत तिकिटे वाटणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता.

या एका वर्षालाही वरून कात्री लागते. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरात काळे फासण्यात आले आणि सरकारने महापालिका बरखास्त केली. २०११ मध्ये महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस महापालिका पुन्हा बरखास्त झाली. पाठ्यपुस्तकात मुदतीची मर्यादा म्हणजे घटनेतले एक कलम. इथे ती कधी कलम असते, कधी करार असतो, कधी सरकारी आदेश. विद्यार्थ्याने या तिन्ही वेगवेगळ्या ठेवाव्यात. मतदाराला मात्र तिन्हींचा अनुभव एकच येतो: आपण दिलेला माणूस गेला.

ग्रामपंचायतीचे पाहू. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाची आणि नगरपालिकेच्या नगराध्यक्षाची मुदत तीस महिने असते. पाच वर्षांच्या सभागृहाचे दोन भाग होतात आणि दोन्ही भागांना वेगळे आरक्षण पडते. हे आरक्षण जाहीर व्हायच्या दिवशी खानापूर, चिकोडी किंवा निपाणी तालुक्यातल्या एखाद्या गावात जाऊन चहाच्या टपरीवर बसावे. सदस्य निवडून येऊन दिवस झालेले असतात, पण खरी निवडणूक त्या दिवशी सुरू होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीतून तालुक्याची यादी कुणाच्या तरी मोबाइलवर येते. ‘सामान्य’, ‘अ वर्ग महिला’, ‘ब वर्ग’, ‘अनुसूचित जाती’ असे रकाने लोक बोटाने खाली सरकवत आपले गाव शोधतात. ‘आपल्याला लेडीज पडलंय’ असे कुणी म्हणाले की दोन-तीन चेहरे उतरतात आणि आतापर्यंत गप्प बसलेल्या एखाद्या सदस्येच्या दिराला एकदम फोन येऊ लागतात. संध्याकाळपर्यंत एका गटाचे सदस्य गावात दिसेनासे होतात. ते सहलीला गेलेले असतात, बहुधा गोव्याला, आणि परत येतात ते थेट मतदानाच्या दिवशी, एकाच गाडीतून.

तीस महिनेसुद्धा सगळ्यांना पुरत नाहीत. दोन इच्छुक बरोबरीचे असले तर पंधरा-पंधरा महिने, तिघे असले तर दहा-दहा, असे वाटप होते. देवळात भंडारा उचलून शब्द दिला जातो आणि वेळ आली की राजीनामा मागितला जातो. काही देतात, काही देत नाहीत. २००७ साली बेंगळुरात जे झाले त्याची छोटी आवृत्ती आमच्या गावांत दर दोन-अडीच वर्षांनी होते. आपल्याकडच्या कोणत्याही ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा अध्यक्षांच्या नावांचा फलक पाहा. सुरुवातीची नावे ऐसपैस अक्षरांत असतात, पुढे पेंटरला ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात, आणि शेवटी शेजारी दुसरा फलक लागतो. सीमेपलीकडे कोल्हापुरातही हेच चालते. तिथल्या महापालिकेत महापौरपदाची मुदत अडीच वर्षे असताना २०१५ ते २०२० या पाच वर्षांत समझोत्याने अर्धा डझनाहून अधिक महापौर झाले.

मर्यादा चांगली की वाईट, असा प्रश्न मला नवे विद्यार्थी हमखास विचारतात. त्या प्रश्नाला मी सहसा बगल देतो. त्याऐवजी त्यांना विचारायला सांगतो की मर्यादा ज्याला लागू नाही असा माणूस त्या इमारतीत कोण आहे. महापालिकेत एका वर्षाच्या महापौरासमोर आयुक्त आणि अभियंते असतात, पक्षाच्या गटाचा नेता असतो, आणि वर आमदार असतो. ग्रामपंचायतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, असतो, आणि गावात ज्याच्या शब्दाने पॅनेल उभे राहते तो पुढारी असतो. खुर्चीला मुदत लागली की अधिकार त्यांच्याकडे सरकतो. या जिल्ह्याचे राजकारण पाहणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. हुक्केरीचे उमेश कत्ती आठ वेळा आमदार झाले, २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांचे पुत्र निखिल निवडून आले. जारकीहोळी बंधूंपैकी रमेश गोकाकमधून, बालचंद्र अरभावीतून आणि सतीश यमकनमर्डीतून वर्षानुवर्षे निवडून येतात. दहा-दहा महिन्यांनी बदलणारे अध्यक्ष आणि पंचवीस वर्षे न बदलणारी घराणी एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी आहेत. माझ्या मते त्यात विसंगती मुळीच नाही. खालचा अध्यक्ष जितका लवकर बदलतो, तितका वरचा माणूस अपरिहार्य होतो.

मर्यादा आड आली म्हणून खुर्चीवर आपले माणूस बसवण्याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामाचे आहे. तिथला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९६६ मध्ये कायद्याने लागोपाठ दुसऱ्यांदा उभा राहू शकत नव्हता. त्याने पत्नी लर्लीन यांना उभे केले, त्या निवडून आल्या, जानेवारी १९६७ मध्ये गव्हर्नर झाल्या. आपल्याकडे १९९७ मध्ये बिहारात लालूप्रसादांच्या जागी राबडीदेवी आल्या, तेव्हाचे कारण वेगळे होते, तरी रीत तीच. आणि सरपंचपती हा शब्द ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, त्यांना लर्लीन वॉलेसही समजावून सांगाव्या लागणार नाहीत. पण ही कथा तिथे संपत नाही, आणि बहुतेक जण ती तिथे संपवतात म्हणून थोडे थांबतो. मे १९६८ मध्ये लर्लीन यांचे निधन झाले. उपगव्हर्नर अल्बर्ट ब्रूअर त्या खुर्चीवर बसले. त्याच सुमारास अलाबामाने लागोपाठ दोन टर्मची मुभा दिली, आणि १९७० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ब्रूअर यांनी जॉर्ज वॉलेसला जवळजवळ हरवले होते. तात्पुरता म्हणून बसलेला माणूस पुढे बसवणाऱ्याचाच प्रतिस्पर्धी होतो. मर्यादेचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. ती पुढाऱ्याला वारस निवडायला भाग पाडते, आणि वारस नेहमीच सांगितल्यासारखे वागतात असे नाही.

आपल्याकडे याचा पुरावा आहे. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा अभ्यास केला. महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड पुढच्या निवडणुकीत खुले झाले, तेव्हा तिथे महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या मानाने, सुमारे पाचपट होती. एका टर्मपुरती आलेली बाई टर्म संपल्यावर नाहीशी झाली नाही. वाट तयार झाली. आमच्या गावांत दिराच्या फोनवर सुरू झालेली कारकीर्द पाच वर्षांनी कुठे पोचते, हे मोजायला बेळगाव जिल्ह्याइतकी मोठी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. कर्नाटकाने १९८७ मध्येच, म्हणजे ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधी, रामकृष्ण हेगडे आणि अब्दुल नझीर साब यांच्या कायद्याखाली पंचायतींत महिलांना चतुर्थांश जागा देऊन निवडणुका घेतल्या होत्या. साहित्य कित्येक दशकांचे आहे, अभ्यास तुरळक आहे.

शेवटच्या टर्ममध्ये माणूस कसा वागतो, हा या विषयातला दुसरा मोठा प्रश्न. पुन्हा मत मागायचेच नाही, मग लोकांची भीती कशाला? टिमोथी बेस्ली आणि ॲन केस यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या गव्हर्नरांचे १९५० ते १९८६ या काळातले आकडे तपासले. ज्यांना पुन्हा उभे राहता येत नव्हते त्यांच्या कारकिर्दीत, विशेषतः डेमोक्रॅट गव्हर्नरांच्या, कर आणि खर्च वाढलेले दिसले. क्लॉडियो फेराझ आणि फ्रेडरिको फिनान यांनी २०११ मध्ये ब्राझीलच्या नगरांचे लेखापरीक्षण अहवाल घेतले आणि दाखवले की पुन्हा निवडून येण्याची आशा असलेल्या महापौरांच्या नगरांत निधीची अफरातफर २७ टक्क्यांनी कमी होती. आता बेळगावकडे पाहा. इथे महापौर पहिल्या दिवसापासूनच शेवटच्या टर्ममध्ये असतो, कारण पुढच्या वर्षी आरक्षण त्याच्याकडे राहण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. पण त्याला पुढे नगरसेवक किंवा आमदार व्हायचे असू शकते. माजी महापौर संभाजी पाटील २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून आमदार झालेच. त्यामुळे लोकांची भीती पूर्ण जात नाही, ती दुसऱ्या पदाकडे वळते. ब्राझीलचा २७ चा आकडा इथे जसाच्या तसा चिकटवणाऱ्याचा प्रबंध मी तरी परत पाठवीन.

सहकाराविषयी थोडेच बोलतो, कारण त्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लागेल. पण सलग कारकिर्दीवरची खरीखुरी, केंद्रीय कायद्याने घातलेली मर्यादा या भागात कुठे असेल तर ती सहकारी बँकांत. २०२० च्या दुरुस्तीने बँकिंग नियमन कायद्यातली, संचालकाने सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहू नये ही तरतूद सहकारी बँकांना लागू झाली, आणि २०२५ च्या दुरुस्तीने ती मुदत दहा वर्षे झाली. चेअरमन आणि पूर्णवेळ संचालक त्यातून वगळलेले आहेत, आणि कायद्यात ‘सलग’ हा शब्द आहे. सहकारातल्या जाणत्या माणसाला याहून अधिक इशारा लागत नाही. सीमाभागात बँकेचे संचालकपद हे अनेकदा विधानसभेच्या तिकिटाची पहिली पायरी असते. ती पायरी कुणाला कधी मोकळी करावी लागते आणि तिथे मुलगा येतो, सून येते की प्रतिस्पर्धी, याचा माग काढणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

ही कल्पना परदेशी आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरला पाठवावे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, परांतक चोळाच्या काळातल्या तिथल्या शिलालेखात ग्रामसभेच्या समित्यांचे नियम कोरले आहेत. मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याचे नाव चिठ्ठीत घालायचे नाही. हिशेब न दिलेल्याचे नाही, आणि त्याच्या नातलगांचेही नाही. नातलगांचा मुद्दा त्यांना हजार वर्षांपूर्वी सुचला होता. आमच्या भागात मात्र पाटीलकी आणि कुलकर्णीपण वंशपरंपरेने चालले, आणि पाटीलकीचे वतन कायद्याने मोडायला १९६० चे दशक उजाडावे लागले. जिथे पद बापाकडून मुलाकडे जाणे स्वाभाविक मानले गेले, तिथे तीस महिन्यांत पद सोडायला सांगणारा कायदा एकदम आणून ठेवला, की त्यातून कुठल्या वाटा फुटतील याचे आश्चर्य वाटू नये.

नव्याने येणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, याबद्दल माझी एक आवड सांगतो. निपाणी आणि कागल. मधले अंतर वीस-बावीस किलोमीटर, एकच महामार्ग, बरीचशी एकच बोली, सोयरीकही एकमेकांत. निपाणीत नगरसेवक आपल्यातून नगराध्यक्ष निवडतात, तोही तीस महिन्यांपुरता. कागलमध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि पाच वर्षांसाठी. महाराष्ट्राने ही थेट निवड २००१ च्या सुमारास आणली, नंतर काढली, २०१६ ला परत आणली, २०२० ला पुन्हा काढली आणि २०२२ ला पुन्हा आणली. दोन शहरांत शक्य तितके सगळे सारखे, कायदा तेवढा वेगळा, आणि एका शहरात तर तो कायदाही आलटून-पालटून बदललेला, अशी जोडी मिळावी म्हणून अभ्यासक आयुष्यभर नकाशे धुंडाळतात. नळपाणी योजना, मालमत्ता कराची वसुली, रस्त्यांची टेंडरे, गैरहजर नगरसेवक, अविश्वास ठराव: दोन्हीकडे नोंदी आहेत. निपाणीच्या बाजूला जुन्या ठरावांची पुस्तके मराठीत आणि अलीकडची कन्नडमध्ये मिळतील. कन्नड वाचता येत नसेल तर आधी ते शिकावे. हा सल्ला आमच्याकडे काहींना रुचत नाही, पण कन्नड येत नसेल तर या प्रदेशातल्या सत्तेचा अभ्यास अर्धाच राहतो.

आणखी एक गोष्ट त्या नोंदींत सापडेल, तिच्यासाठी अमेरिकन ग्रंथांत प्रकरण नाही. बेळगाव महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली. निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडला गेला. मधल्या काळात कारभार प्रशासकाचा. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढे वर्षामागून वर्षे निवडणूकच झाली नाही. महाराष्ट्रातही २०२२ नंतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांत तोच प्रकार. अध्यक्षाची मुदत तीस महिने, महापौराची बारा महिने, संचालकाची दहा वर्षे, असे सगळ्यांचे आकडे कायद्यात लिहिलेले आहेत. प्रशासकाने किती दिवस बसावे याचा आकडा मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने लांबवला. अभ्यासाचा आराखडा आखताना प्रशासकाच्या या काळाला ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून कोरा रकाना देऊ नका. त्या काळात कुठली टेंडरे निघाली, कर किती वाढला आणि कुणाच्या वॉर्डात काम झाले, हे निवडून आलेल्यांच्या काळाशी ताडून पाहा.